सात नंबरचं बारावं कार्ड

१

सकाळी आठ वाजता रुपराव गावंडे मशीनला उठवायचे. उठवायचे हा त्यांचाच शब्द. संध्याकाळी वीज बंद केली की त्या खोलीभर मशीनच्या डोक्यातलं सगळं पुसून जायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याला पहिल्यापासून शिकवावं लागायचं. आधी एसी लावायचा आणि अर्धा तास खोली गार होऊ द्यायची. मग सुरुवातीची, भोकं पाडलेली जाड कागदाची कार्डं घालायची, ज्यांनी मशीनला वाचायला येई. मग माणसांची कार्डं घालायची, खाणीतल्या एका माणसाला एक कार्ड. सगळ्यात शेवटी गणतीचं कार्ड. मशीन आपण वाचलेली माणसं मोजे आणि गणतीच्या कार्डावरच्या आकड्याशी ताडून पाही. जुळलं तर यादी छापायला लागे. नाही जुळलं तर कन्सोलच्या टाइपरायटरवर एक ओळ उमटवून गप्प बसे, आणि मग तुम्ही डोकं आपटा नाहीतर नवस बोला, ते हलत नसे.

ही गोष्ट एकाहत्तर सालच्या एप्रिलातली. तेव्हा अख्ख्या नागपुरात अशी कंप्युटरची मशीनं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यातलं एक एका खासगी कोळसा कंपनीच्या कचेरीत, पहिल्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत होतं. सावनेरच्या बाजूला कंपनीची खाण होती. कोणत्या माणसानं कोणत्या नंबरच्या गॅलरीत, म्हणजे खालच्या बोगद्यात उतरायचं, याची आठवड्याची यादी इथून छापून जीपनं तिकडे जायची. मशीनचे मुख्य ऑपरेटर रुपराव. वय बेचाळीस, नाकासमोर चालणारा माणूस, सक्करदऱ्याहून सिटी बसनं यायचा आणि साडेपाचच्या बसनं परत जायचा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. असली माणसं फार सज्जन असतात असा आपला एक समज आहे. मला तो कधीच पटला नाही.

त्या सोमवारी मशीन उठलं नाही. सरसर आवाज करत त्यानं सगळी कार्डं वाचली आणि टाइपरायटर खडखडला. एक जास्त.

रुपरावांनी थप्पी काढून हातानं मोजली. गणतीच्या कार्डावर दोनशे चाळीस होते. हातात दोनशे एक्केचाळीस माणसं आली.

आता यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. कार्डांना भोकं पाडणाऱ्या पंच खोलीतल्या बायका कधी एकच कार्ड दोनदा पाडतात. पण रुपरावांची एक पद्धत होती. कार्डांची थप्पी तयार झाली की ते तिच्या वरच्या कडेवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, लाल पेन्सिलीनं तिरपी रेघ मारत. प्रत्येक कार्डाच्या वाट्याला त्या रेघेचा एक ठिपका येई. मागाहून कुणी परकं कार्ड घुसवलं, तर त्या जागी रेघ तुटून पांढरी फट दिसे. त्यांनी थप्पी उजेडात धरली. रेघ सलग होती.

मग ती एक एक करून उलटली. सहा नंबरच्या माणसांनंतर, जिथं आता काहीच असायला नको होतं, तिथं एक मळकं कार्ड निघालं. त्याचा कोपरा दुमडून परत सरळ केलेला होता. कडेवर लाल ठिपका होता, बरोबर जिथं असायला हवा तिथंच. वर छापलं होतं, गॅलरी सात, टोकन अकराशे सत्तेचाळीस.

रुपराव खाली बसले. हे कार्ड त्यांनी पाच महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातांनी फाडलं होतं.

२

काय झालं होतं ते सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी नत्थू नावाच्या कामगाराची बदली चार नंबरमधून सात नंबरमध्ये झाली होती. त्याचं नवं कार्ड मशीननं चावलं, कोपरा दुमडला, आणि मशीन अडलं. खाली जीप भोंगा वाजवत होती. पंच खोली नऊला उघडायची. अशा वेळी काय करायचं याची या धंद्यात एक चोरवाट असते आणि ती सगळ्यांना माहीत असते. अडलेलं कार्ड बाजूला ठेवायचं, हातपंचवर गणतीचं नवं कार्ड एक आकडा कमी करून पाडायचं. मशीनला माणसं कळत नाहीत, त्याला आकडा जुळल्याशी मतलब. रुपरावांनी तेच केलं. राहिलेलं नाव दुपारी फोननं कळवू म्हणाले आणि विसरले.

नत्थूला मुकादमानं तोंडी सांगितलं होतं, तो सातमध्येच उतरला. बुधवारी सात नंबरला आग लागली. यादीवर अकरा नावं होती, अकरा माणसं बाहेर आली. मॅनेजरनं यादीवर खुणा केल्या आणि संध्याकाळपर्यंत गॅलरीचं तोंड विटांनी चिणून टाकलं, कारण आगीला हवा मिळाली की सगळी खाण जाते. दिवे वाटणारा माणूस म्हणाला की एक दिवा कमी आहे. दिवे नेहमीच कमी असतात, असं त्याला उत्तर मिळालं.

शुक्रवारी नत्थूची बायको देवकी खाणीवर आली. मॅनेजरनं नागपूरला फोन केला, आणि कंप्युटर विभागाचे साहेब मधुकरराव यांनी रुपरावांना विचारलं, "यादी बरोबर होती ना, गा?"

दुमडलेलं कार्ड तेव्हा टेबलाच्या खणात होतं. रुपरावांना त्या क्षणी सगळं कळलं. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्याला नोकरी जोडलेली होती, नोकरीला घर आणि दोन मुलींची लग्नं जोडलेली होती. ते म्हणाले, "बरोबर होती साहेब." मग मोरीत जाऊन त्यांनी कार्डाचे बारीक तुकडे केले आणि पाणी सोडलं.

नत्थू त्या दिवशी उतरलाच नाही, असं खाणीनं ठरवलं. कुठं पळून गेला असेल, दारू पीत असेल, दुसरी केली असेल. मेलेल्या माणसाच्या नावानं काय वाटेल ते खपतं.

३

सोमवारी रुपरावांनी ते कार्ड काढून शर्टाच्या खिशात घातलं, आणि मशीन मुकाट उठलं. संध्याकाळी घरी नेऊन त्यांनी ते चुलीत टाकलं आणि राख होईपर्यंत समोर बसून राहिले. बायकोनं विचारलं तर म्हणाले, रद्दी होती.

मंगळवारी मशीन पुन्हा अडलं. एक जास्त. तेच कार्ड, तोच कोपरा, तोच लाल ठिपका.

रुपराव अडाणी नव्हते. कुणीतरी थट्टा करतंय किंवा सूड उगवतंय असं त्यांनी धरलं. कुणाला तरी कळलं असेल, आणि तो कार्ड पाडून घुसवत असेल. त्यांनी पंच खोलीतल्या प्रेमिलाबाईंना बोलावलं आणि सगळी थप्पी नव्यानं पाडायला सांगितली.

"सगळीच पाडू काय जी?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "काहून? जुनी तं चांगली हाये."

"जुनीले ओल धरली असं वाटून राहिलं मले," रुपराव म्हणाले.

दिवसभर ते त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. एकेक कार्ड हातात घेऊन नाव वाचलं. दोघांनी दोनदा मोजली, दोनशे चाळीस. रेघ त्यांनी स्वतः मारली, या वेळी निळ्या पेन्सिलीनं. थप्पी लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. त्या रात्री त्यांना बरी झोप लागली.

बुधवारी सकाळी कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. मशीननं कार्डं वाचली आणि टाइपरायटरनं तीच ओळ उमटवली. थप्पीत ते मळकं कार्ड होतं. त्याच्या कडेवरचा ठिपका आता निळा होता.

खोलीत एसीची घरघर चालू होती. तिच्याखाली आणखी एक आवाज होता, हे रुपरावांना तेव्हा प्रथम जाणवलं. मशीनच्या खोलीला खोटी जमीन असते. खऱ्या फरशीच्या हातभर वर चौकोनी पाट बसवलेले असतात आणि त्यांच्या खालून तारा आणि एसीची गार हवा जाते. त्या पाटांखालून कुणीतरी ठोकत होतं. तीनदा ठोके, मग थोडं थांबणं, मग पुन्हा तीनदा.

पंख्याची पट्टी सैल झाली असेल, असं रुपराव स्वतःशी मोठ्यानं म्हणाले. आपला आवाज ऐकून त्यांना जास्तच भीती वाटली.

४

दाराबाहेरच्या बाकावर देवकी बसलेली होती. बुधवारी ती यायचीच. पाच महिने झाले, दर बुधवारी सावनेरच्या एसटीनं येऊन या बाकावर बसायची, रुपराव बाहेर आले की एकच प्रश्न विचारायची आणि निघून जायची. रडणं नाही, भांडण नाही. रडली असती तर रुपरावांना सोपं गेलं असतं.

"सात नंबरात किती जन होते जी त्या दिवशी?"

"अकरा."

एरवी ती "बरं" म्हणून उठे. आज उठली नाही.

"भिंत रचाले जी बाई होती ना, तिनं सांगतलं मले," ती म्हणाली. "पयले कोनाले बोलली नाई ती, पोटाचं भेव. तिकून कोनीतरी ठोकत होतं म्हने. तीन ठोके, मंग थांबे. बुधवारी ठोकलं, गुरुवारी ठोकलं. शुक्रवारी सांजेपर्यंत ठोकत होतं."

रुपरावांनी भिंतीला हात टेकवला.

"शुक्रवारी तुमाले फोन आला होता ना, साहेब? तवा काय सांगतलं तुमी?"

"यादी बरोबर होती, बाई. मशीनची यादी चुकत नाही."

देवकीनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग कधीच जळून गेला होता आणि त्याच्या जागी काहीतरी टणक उरलं होतं.

"मले पैसा नाई पायजे," ती म्हणाली. "ते भित फोडून पायजे. तुमी एक डाव बारा म्हना, ते फोडतीन. माह्या मानसाची माती माह्या हातानं करू द्या. नाईतं मंग तुमचं तुमी पाहा."

रुपराव आत वळले. खोटं बोलणारा माणूस पहिल्यांदा खोटं बोलतो तेव्हा घाबरून बोलतो. दहाव्यांदा बोलतो तेव्हा त्याला स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटतं. त्यांना देवकीचा संताप आला. ही बाईच ती कार्डं घुसवत असेल असंही क्षणभर वाटून गेलं, मग तिला अक्षर वाचता येत नाही हे आठवलं.

शुक्रवारी मधुकररावांनी बोलावलं. उद्या कंपनीचे मालक मशीन पाहायला येणार होते. दहा वाजता मशीन त्यांच्यासमोर यादी छापणार, आणि सगळं नीट झालं तर रुपरावांना विभागात मधुकररावांच्या खालोखालची जागा द्यायचं ठरलं होतं.

"आठवडाभर मशीन रोज अडून राहिलं म्हणे," मधुकरराव म्हणाले. "काय भानगड हाये, गा?"

दोन रात्री रुपराव झोपले नव्हते. "साहेब," ते म्हणाले, "त्या नोव्हेंबरच्या यादीत एक..."

मधुकररावांनी हात वर केला. त्यांचा चेहरा पार बदलला, आणि रुपरावांना कळलं की साहेबांना हे आधीपासून माहीत होतं. निदान संशय तरी नक्की होता.

"रुपराव, जे मी ऐकलं नाही ते मले माहीत नाही," ते म्हणाले. "यादीत नाव नाही, म्हणजे तो माणूस तिथं नव्हता. कागद काय म्हणतो ते पाहावं. उद्या आकडा जुळला पायजे."

ती शेवटची पायरी होती, आणि रुपराव तिथून मागे फिरले. खरं सांगायचं तर त्यांना हायसंच वाटलं.

५

शनिवारी रुपराव पहिल्या बसनं आले. पावणेसातला कचेरीचा जिना चढले. चौकीदार मागच्या नळावर आंघोळ करत होता. हजेरीपटावर सही ते नेहमी दहाला, मधुकररावांच्या टेबलावर करत, म्हणून तीही अजून झाली नव्हती.

बाकावर देवकी होती. शनिवारी ती कधी येत नसे.

मशीनच्या खोलीत धूळ चालत नाही, म्हणून जोडे बाहेर काढायचा नियम होता. रुपरावांनी जोडे काढून बाकाखाली, तिच्या अनवाणी पायांपाशी सरकवले. मान वर करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"किती होते, साहेब?" तिनं विचारलं. आवाज अगदी हळू होता, जवळजवळ मायेचा.

"अकरा," रुपराव म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी एसी लावला. थप्पी उलटून मळकं कार्ड शोधलं. ते थप्पीत नव्हतं. त्यांनी मोजली, पुन्हा मोजली. दोनशे चाळीस. रुपरावांना एकदम हसू फुटलं. कार्डं घातली. मशीननं ती वाचली, आणि टाइपरायटर खडखडला. एक जास्त.

यानं दुसरा कुणी वेडा झाला असता. रुपरावांना मात्र धीर आला. थप्पीत कार्ड नाही आणि तरी मशीन एक जास्त वाचतं, म्हणजे दोष कार्डांचा नाही, तारेचा आहे. खाली कुठंतरी जोड सैल झालाय, हवेनं हलून तो आपटतोय, म्हणून ते ठोके, आणि त्याच धक्क्यानं मशीनला एक कार्ड जादा दिसतंय. सगळं किती सरळ होतं. राहता राहिलं ते चुलीत टाकलेलं कार्ड. तीन रात्री न झोपलेल्या माणसाला काय दिसेल आणि काय नाही.

त्यांनी पाटाला घट्ट चिकटणाऱ्या रबरी पकडीनं एक पाट उचलून बाजूला ठेवला, टॉर्च घेतला आणि पोटावर आडवे होऊन खाली शिरले. कार्डं वाचणारं यंत्र तीन हातांवर होतं. तारा एका जागी जुडी करून भिंतीकडे गेल्या होत्या. ठोके तिकडूनच येत होते. रुपराव कोपरांवर सरकले. तीन हात झाले. मग सहा झाले. खोली रुंदीला जेमतेम चौदा हात होती, आणि त्यांनी वीस तरी मोजले असतील, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खाली गार वारा नाही. हवा गरम होती. तिला कोळशाचा वास होता, आणि टॉर्चच्या उजेडात तारा दिसत नव्हत्या.

पुढे, फार पुढे, एक पिवळा दिवा होता. बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर होता. त्याच्या पाठीमागे नव्या विटा होत्या. ठोके थांबले. दिवा त्यांच्याकडे वळला आणि मग किंचित बाजूला सरकला, शेजारी जागा करून द्यावी तसा.

रुपरावांनी मान वळवून मागे पाहिलं. उजेडाचा चौकोन खूप लांब, टपाल तिकिटाएवढा दिसत होता. त्याच्या कडेला अनवाणी पाय उभे होते. मग पाट बसल्याचा आवाज झाला आणि चौकोन राहिला नाही. वर मशीन आपसूक सुरू झालं. कार्डं झरझर वाचली जाऊ लागली, आणि या वेळी ती कुठंच अडली नाहीत. छपाईचा आवाज सुरू झाला.

ते ओरडायला गेले. गळ्यात धूळ गेली, आवाज फुटला नाही. ते टॉर्चनं वरच्या पाटाला ठोकू लागले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. वर पावलं आली. "मशीन तं चालू हाये जी," प्रेमिलाबाईंचा आवाज आला. मधुकरराव म्हणाले, "आकडाही जुळला. वा. पण रुपराव कुठं हायेत?"

"दिसले नाही मले. बाहेर जोडे पण नाहीत त्यांचे."

"मग लावलं कोणी?" मधुकरराव म्हणाले. "काल रात्री बंद करायचं राहिलं असेल. हजेरीपटावर सही नाही. आज आलेच नाहीत म्हणायचे. बरोबर आजच्या दिवशी."

रुपरावांनी तीनदा ठोकलं, श्वास घेतला, आणि पुन्हा तीनदा ठोकलं.

"साहेब, खालून काही वाजून राहिलं काय?"

"पंखा असेल. मालक येतात, आता उघडाउघड नको." मधुकररावांची पावलं दाराकडे गेली. दार उघडलं. रुपरावांनी ठोकणं थांबवलं, ऐकू यावं म्हणून श्वाससुद्धा धरला. अंधारात त्यांच्या अगदी जवळ दुसरं कुणीतरी तसाच श्वास धरून ऐकत होतं.

"काहो बाई," मधुकरराव म्हणाले, "तुम्ही इथं केव्हाच्या बसल्या? आमचे रुपराव आत येताना पाहिले काय?"

मग देवकीचा आवाज आला, शांत आणि स्पष्ट.

"पाह्यटपासून इथंच हावो, साहेब. आत कोनीच नाई गेलं."